आंबट पाणी, रॉकेल आणि वहिनीचं नाक

३० सप्टेंबर १९५७, सोमवार

आज पानसुद्धा बाहेर आलं!

अंथरूण गॅलरीत गेलं त्याला पंधरवडा झाला. कामावरची लुगडी वेगळ्या पिशवीत, ती गेल्या आठवड्यात. आणि आज जिना चढून येते तर गॅलरीच्या टोकाला पाट मांडलेला, तांब्या भरलेला, ताट झाकलेलं. आई दारात उभी. "मृणाल, थोडे दिवस इथंच जेव बाई. लतिकेला सहन होत नाही गं."

लतिका म्हणजे वहिनी. ती आतल्या खोलीत होती. पदर नाकाला.

मासळीचा वास. माझ्या अंगाला! या आमच्या गिरगावच्या चाळीत चातुर्मासात कांदा चिरायचा तर लोक दार लोटून घेतात, आणि मी रोज सहा वाजता बोंबलाची पाटी डोक्यावर घेतल्यासारखी जिना चढते. गंमत ही की मला स्वतःला काही येतच नाही. जूनच्या त्या फ्लूत (सगळी मुंबई आडवी झाली होती तेव्हा) माझं नाक जे गेलं ते परत आलं नाही. मोगरा, फिनेल, आमटी, सगळं सारखंच. वास माझा, आणि मी सोडून सगळ्यांना येतो.

गणपतीपर्यंत बरं चाललं होतं. वहिनी हसायची. "वन्सं, आज कुठला बाजार करून आलात?" म्हणायची. आता हसत नाही. मी दिसले की उठते.

आमटी गार होती. खाल्ली.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी. दिवसभर गॅलरीत. दादाने सकाळी दाराशी उभं राहून सुनावलं. आत बोलावून नाही, दाराशी उभं राहून. "कऱ्हाडच्या चिंतामणरावांचं पुन्हा पत्र आलंय. डिसेंबरपर्यंत थांबा असं कळवतो. तोवर तुझं ते काय आहे ते पुरं कर. नाही झालं तर मी होकार देणार. तेहतीस वर्षांची झालीस."

चिंतामणराव बिजवर आहेत. दोन मुलं, वकिली, स्वतःचं घर. बायकांनी नोकरी करावी हे त्यांना पटत नाही. पत्रात तसं स्वच्छ अक्षरात लिहिलंय. अक्षर चांगलं आहे हो!

कारखान्यात शरच्चंद्र शेठनीही डिसेंबरअखेरचीच मुदत दिलीय. दोघांनी संगनमत केल्यासारखं. शेठचा कारखाना लालबागला, गिरण्यांच्या मागच्या गल्लीत. तिथं माल धुतलेल्या पाण्यातून शंभराला तीन भाग अॅसेटिक अॅसिड रोज गटारात जातं. पूर्वी कुणी विचारत नव्हतं. यंदा सरकारने आयात आवळली, परदेशी अॅसिडची पिंपं यायची थांबली, तेव्हा शेठना गटार आठवलं. आणि लॅबमधली मी आठवले.

ते पाणी उकळून अॅसिड काढायचं म्हणजे तीन भागांसाठी सत्त्याण्णव भाग पाण्याखाली कोळसा जाळायचा. वेडेपणा! नुसत्या रॉकेलने घुसळलं तर अॅसिड रॉकेलाकडे ढुंकून बघत नाही. पण रॉकेलात अमाईन (मासळीचा वास तो याचाच) घातलं, की ते पाण्यातलं अॅसिड पकडतं आणि तेलात ओढून नेतं. मग पाणी खाली सोडून द्यायचं, तेल तापवायचं, अॅसिड वाफ होऊन निघतं. तेल पुन्हा कामाला. इतकं साधं. कागदावर!

शेठ म्हणाले, "बेन, मला फॉर्म्युला नको. शंभर पौंड पाण्यात गेला, किती परत आला ते बोलो. ऐंशी पाहिजे. आणि तेच तेल दहा वेळा चाललं पाहिजे. नाही तर लॅब बंद. तिथं गोदाम करीन."

तर असं आहे. ऐंशी, दहा वेळा, नाही तर कऱ्हाड.

५ ऑक्टोबर, शनिवार

ट्राम भरलेली. लोक दांड्याला धरून उभे. माझ्या शेजारची जागा उतरेपर्यंत रिकामी.

९ ऑक्टोबर, बुधवार

तीन थर पडले! खाली पाणी, वर रॉकेल, आणि मधे एक चिकट तपकिरी पट्टा, ना इकडचा ना तिकडचा. सगळं अमाईन आणि सगळं अॅसिड त्या पट्ट्यात जाऊन बसलं. दिवसभर हलवत होते. बाबुराव — म्हणजे आमचे बॉयलरवाले, वय पन्नास, मूळचे मालवणचे — मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "बाई, ह्या तुमचा काय कुणाचाच ऐकणा नाय."

दुपारी डोक्यात आलं. अॅसिड पकडलेलं अमाईन निव्वळ रॉकेलात विरघळत नाही. त्याला सोबत हवी. एरंडेलापासून निघणारं ऑक्टाइल अल्कोहोल थोडं ओतलं. पट्टा गेला! दोन स्वच्छ थर. बाबुरावांनी टाळी वाजवली.

माझी टाळी ऐकायला या गॅलरीत दोन कबुतरं होती.

१४ ऑक्टोबर, सोमवार

पहिली फेरी पुरी. शंभरातले शहाऐंशी परत! ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत होते आणि गुलाबी रंग येईच ना. एवढं अॅसिड! तीनदा मोजलं.

बाबुरावांना सांगितलं. ते म्हणाले, "अॅसिडाचा माका कळणा नाय, पण ह्यो वास इलो काय माका घराची याद येता. आमची घरकारीण चंपा सुको बांगडो भाजता तसोच. तुमका येना नाय?" नाही म्हटलं. त्यांना फार वाईट वाटलं. मला येत नाही याचं वाईट वाटणारा हा एकच माणूस.

घरी सांगायला गेले. दाराशीच. वहिनी पलीकडे वळली आणि दादा म्हणाला, "बरं बरं. आधी अंघोळ कर." अंघोळ करूनच आले होते. शिकेकाई, डाळीचं पीठ, लिंबाची साल. अंग सोलायचं तेवढं राहिलंय.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. मी गॅलरीत, कंदिलाखाली. यंदा फराळाचं सगळं आईनेच केलं. वहिनीने कढईला हात लावला नाही. तळणाचा वास आला की शेजारच्या दुर्गाकाकूंकडे जाऊन बसायची. म्हणे कुठलंही तेल तापलं की तिला मीच आठवते! आता काय, तेलातसुद्धा मी.

चकल्या छान झाल्यात. चव फक्त तिखट-मीठ एवढीच कळते, पण कुरकुरीत आहेत हे कळतं.

माणूस इतकं एकटं घरात असताना होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. आत पाच पावलांवर सगळे हसत होते.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

शहाऐंशी. त्र्याऐंशी. आज सत्त्याहत्तर. तिसऱ्याच फेरीला!

कुठेतरी गळतंय. नळ्या बदलल्या. बुचं बदलली. गार पाणी जास्त सोडलं. बाबुरावांवर उगाच ओरडले, मग माफी मागितली. अॅसिड तेलातच अडकून राहत असणार. उद्यापासून जास्त तापवायचं आणि जास्त वेळ.

४ नोव्हेंबर, सोमवार

अडुसष्ट.

दुर्गाकाकू नळावर कुणाला तरी सांगत होत्या की मी लालबागच्या खानावळीत मासे खाते. "वाससुद्धा लपत नाही हो!" मी मागेच उभी होते, कळशी घेऊन. म्हटलं, "काकू, रोज नाही. मंगळवारी फक्त भात." त्यांचं तोंड उघडं ते उघडंच! दिवसभरात तेवढं एकदा हसले.

संध्याकाळी वाटलं, खरंच खाल्ले असते तर निदान कुणाबरोबर बसून तरी खाल्ले असते.

१० नोव्हेंबर, रविवार

वहिनी शुक्रवारपासून माहेरी, दादरला. दादा ऑफिसातून परस्पर तिकडेच जातो. काल आलाच नाही. आज कपडे न्यायला आला तेव्हा विचारलं. "लतिकेला बरं नाही." काय झालंय? "ताप." मी भेटायला येऊ? "नको. तू नकोच येऊ."

तापातही माझा वास सहन होणार नाही, हे खरंच. 

वहिनी नाही, तर आत जेवायला हरकत नव्हती. आईने बोलावलंही. पण मी बाहेरच बसले. सवय झाली की काय? आईने देवाजवळ दिवसभर निरांजन लावून ठेवलंय. कशाचं, तेही सांगत नाही. या घरात मला कुणी काही सांगेनासं झालंय.

१६ नोव्हेंबर, शनिवार

सातवी फेरी. शंभरातले एक्केचाळीस.

जितकं जास्त तापवावं तितकं कमी येतं. अॅसिड पाण्यातून जातं हे नक्की. वाफेतून येत नाही हेही नक्की. मग आहे कुठे? मी आज त्या पिंपाशी बोलले. "कुठं ठेवलंस सांग," म्हटलं. बाबुराव ऐकत होते. त्यांनी चहा आणून दिला.

कऱ्हाडला थंडी बरीच पडते म्हणतात.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज मी आत जेवले!

वहिनी काल संध्याकाळी परत आली. आज मी कामावरून येते तर गॅलरीत पाट नाही. म्हटलं, आता काय जिन्यात बसवतात? तोच वहिनी स्वतः दारात आली. पदर खांद्यावर. नाकाला नाही! म्हणाली, "वन्सं, आत या. वास येत नाही आज."

माझा विश्वास बसेना. "खरंच?" "खरंच. या, पान मांडलंय."

दादाशेजारी माझं पान. वहिनीने वाढलं, अगदी जवळून, वाकून. मला रडू येईल असं वाटलं म्हणून मी खूप बोलले. तीन थरांची गोष्ट सांगितली, बाबुरावांच्या चंपाचा बांगडा सांगितला. दादा हसला नाही, पण ऐकत होता. आईने वहिनीला मऊ भात घातला, वर भरपूर तूप. माहेरी जाऊन माणसं भरून येतात, ही वाळून आलीय. दादरचं पाणी मानवलं नाही बहुतेक.

अंथरूणही आत. मी फार सुखात आहे. एवढंच लिहायचं होतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे जाग आली ती विचारानेच. वास का गेला?

मी काही बदललेलं नाही. तोच साबण, तीच पिशवी. मग वास गेला म्हणजे वासाचा मालक गेला! म्हणजे अमाईनच उरलं नाही! चहा न घेता निघाले. पिंपातलं जुनं तेल घेतलं आणि त्याची अॅसिड पकडायची ताकद मोजली. पहिल्या दिवशी होती त्याच्या तिसरा हिस्साही नाही.

मूर्ख मी! नीट लिहून ठेवते, म्हणजे जन्मात विसरणार नाही. अमाईनचं पिंप शेठनी माझगावच्या गोदीवरून लिलावात उचललेलं. लेबल खाऱ्या पाण्याने गेलेलं. ताकद तपासली, पुरेशी निघाली, आणि मी बाकी काही न तपासता धरून चालले की हे तिसऱ्या प्रकारचं अमाईन, नायट्रोजनावर एकही हायड्रोजन न उरलेलं. ते अॅसिडला पकडतं आणि तापवलं की सोडतं. पण हे निघालं दुसऱ्या प्रकारचं. एक हायड्रोजन शिल्लक. असलं अमाईन गार असताना अॅसिडला नुसतं पकडतं. आणि तापवलं की त्याच्याशी लग्नच लावून बसतं! पाणी निघून जातं, अमाइड तयार होतं, आणि मग दोघंही कुणाच्या कामाची राहत नाहीत. मी जास्त तापवत होते म्हणजे मुहूर्त काढून देत होते!

आणि हे मला सांगितलं कुणी? ब्युरेटने नाही. वहिनीच्या नाकाने! प्रयोगवहीत तसं लिहिलं: "गंध — नाही. निरीक्षक: सौ. लतिका."

२० नोव्हेंबर, बुधवार

वहिनी तांदूळ निवडत होती. शेजारी बसले (बसू शकते आता!) आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "वहिनी, तुमच्या नाकाने माझं काम वाचवलं हो. वास गेला हे तुम्ही बोलला नसतात तर मी महिनाभर आणखी तापवत बसले असते. थँक्यू!"

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुमचं तरी झालं ना काही. बरं झालं." आणि सूप घेऊन आत गेली.

कौतुक केलं की लाजते ती. तशीच आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

उपाय सापडलाय, आणि तो मला नको आहे.

गोदीवरच्या पिंपात अर्ध्याहून जास्त माल अजून कोरा आहे. तो फॉर्मालिन आणि फॉर्मिक अॅसिडबरोबर शिजवला की उरलेल्या हायड्रोजनाच्या जागी मिथाइल बसतं. तिसऱ्या प्रकारचं अमाईन तयार! पुन्हा लग्नाची भानगड नाही. रंगाईखात्यांमुळे फॉर्मिक अॅसिड लालबागेत हवं तेवढं मिळतं.

पण त्या मिथाइलच्या अमाईनचा वास पहिल्यापेक्षा दुप्पट. पुस्तकात सरळ लिहिलंय: तीव्र, मासळीसारखा.

म्हणजे मी जिंकले तर पुन्हा गॅलरीत. आणि हरले तर पाच आठवडे घरात सगळ्यांच्या पंगतीत, आणि मग कऱ्हाडला. आज रात्रीचं जेवण झालं तेव्हा आईने माझ्या केसांवरून हात फिरवला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी तशीच बसून राहिले.

२५ नोव्हेंबर, सोमवार

फॉर्मालिन मागवलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

शिजवलं. काय फसफसलं! बाहेर आलेला वायू चुन्याच्या निवळीत सोडला, निवळी दुधासारखी पांढरी. म्हणजे बरोबर चाललंय. संध्याकाळी कॉस्टिकने धुऊन घेतलं. बाबुराव आत आले आणि दारातच थबकले. "अरे बापरे! बाई, ही तर अख्खी जेटी इली!" मग एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "माका भूक लागली."

ते आज प्रतापगडाला निघाले, मुंबई महाराष्ट्रात यावी म्हणून समितीची निदर्शनं आहेत त्यांना. तीन दिवस रजा. शेठनी तोंड वाकडं केलं. "मुंबई काय गडावर मिळते का, बाबुराव?" "शेठ, गटारात अॅसिड गावता, तर गडावर मुंबई गावात नाय कशी?" शेठसुद्धा हसले. मला म्हणाले, "तुम्हीच भट्टी सांभाळा मग."

घरी आले ती सरळ गॅलरीत बसले. पाट मीच मांडला.

३० नोव्हेंबर, शनिवार

एकटीने चालवलं. भट्टी, पंप, थर सोडणं, सगळं. हात भाजला थोडा. पहिली फेरी चौऱ्याऐंशी.

अख्ख्या शेडमध्ये एक माणूस नव्हता. "चौऱ्याऐंशी!" म्हणून मोठ्याने ओरडले. पत्र्यावरून आवाज परत आला तेवढाच.

४ डिसेंबर, बुधवार

तिसरी फेरी, चौऱ्याऐंशी. पडत नाही!

तेलाची छोटी बाटली घरी आणली. वहिनीला म्हटलं, तुमचं नाक द्या जरा. तिने बूच काढून वास घेतला. चेहरा बदलला नाही. "येतो. उग्र आहे पहिल्यापेक्षा." सहन होईल? "होईल. आत बसा तुम्ही, वन्सं. माझ्यासाठी बाहेर नका बसू."

मला याचा अर्थ लागला नाही. एवढासा वास होता तेव्हा अन्न जात नव्हतं, आणि आता दुप्पट झाला तर 'आत बसा'! दया येत असणार माझी. मला दया नको. म्हटलं, "राहू दे, मला वारा बरा वाटतो."

आणि डिसेंबरच्या गार वाऱ्यात कुडकुडत बसले. असल्या स्वभावाला काय म्हणावं!

१२ डिसेंबर, गुरुवार

सहावी फेरी. त्र्याऐंशी. जुनं तेल इथवर पन्नासात आलं होतं.

२१ डिसेंबर, शनिवार

नववी. त्र्याऐंशी. उद्या रविवार आहे याचा राग येतोय.

२३ डिसेंबर, सोमवार

दहावी फेरी. ब्याऐंशी आणि अर्धा.

शेठनी आकडा दोनदा वाचला. बाटलीतलं अॅसिड उजेडाला धरून पाहिलं. मग नाकाला रुमाल लावून म्हणाले, "बेन, लॅब राहील. पण तुम्ही माझ्या केबिनमध्ये येऊ नका. चिठ्ठी पाठवा." मी हसले. बाबुराव तर इतके हसले की शेडबाहेर जाऊन उभे राहिले. दुपारी त्यांच्या चंपाने माझ्यासाठी नारळाच्या वड्या पाठवल्या. बामणाच्या बाईला चालतील अशा, वेगळ्या धुतलेल्या डब्यातून. त्या डब्याकडे बघून मला कसंसंच झालं. कुणी कुणाला किती लांब बसवायचं याचा हिशोब आमच्याकडून सगळीकडे पोचलाय. उद्या सांगणार आहे त्यांना, रोजच्या डब्यातून द्या म्हणून.

घरी दादाला म्हटलं, कऱ्हाडला नकार कळव. तो वाद घालेल वाटलं होतं. "कळवतो," म्हणाला. "हवं ते एकीला तरी मिळू दे." एकीला तरी म्हणजे? पण तो पेपर उघडून बसला होता.

जिंकले मी. गॅलरीत येऊन बसले. सांगायला कुणी नाही म्हणून इथं पुन्हा लिहिते: ब्याऐंशी आणि अर्धा.

२९ डिसेंबर, रविवार

वहिनी आज बाजूला बसलीय. माझ्यापासून चार हातांवर, घोंगडीवर, दुपारच्या उन्हात. मी चेष्टेने म्हटलं, "या, बरं झालं. आज मला सोबत!"

ती म्हणाली, "श्रावणानंतर आजच, वन्सं."

श्रावण. मी बोटांवर मोजायला लागले. भाद्रपद, आश्विन, कार्तिक. कार्तिकात ती दादरला गेली. घरात चार महिने दुसरी बाई बाहेर बसली नाही, आणि थेंब थेंब मोजणाऱ्या मला ते दिसलं नाही! कारण बाहेर मीच बसले होते, आणि माझं मलाच पुरत होतं.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "आधीचे दोन असेच गेले. या वेळी तीन महिने भरेस्तोवर कुणाला सांगायचं नाही, असं आईंनी ठरवलं होतं. भरायला आठ दिवस होते."

मी सरकून तिच्या घोंगडीवर गेले. तिला शिवले. आई दारात होती, तिने अडवलं नाही. वहिनी माझ्या खांद्याला टेकली आणि म्हणाली,

"त्या दिवशी वास गेला नव्हता, वन्सं. होता तसाच होता. मलाच त्याचं काही वाटेनासं झालं होतं."